टाकीच्या तळाचे दोन लिटर

गेल्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी, आबा, आपली 1996 सालची, कार्ब्युरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणारी छोटी गाडी ट्रॅक्टरला बांधून माझ्या गॅरेजवर घेऊन आले. दोन महिने ती पावसात उघड्यावर उभी होती. पेट्रोलमध्ये भेसळ आहे अशी आबांची खात्री होती आणि पंपाविरुद्धचा तक्रारअर्जही त्यांनी लिहून आणला होता.

टाकी उतरवून मी सगळे पेट्रोल पारदर्शक कॅनमध्ये ओतले. वर सुमारे सात लिटर पेट्रोल आणि त्याखाली दोन लिटरांहून थोडा अधिक गढूळ थर दिसला. “मिस्त्री, दोन लिटर पाणी घातलंय बघा!” आबा संतापून म्हणाले.

अर्ज दोन तास थांबवा, अशी विनंती करून मी त्याच पंपावरून ताजे पेट्रोल आणवले. ते स्वच्छ होते. मोजपात्रात 80 मिलिलिटर पेट्रोल आणि 20 मिलिलिटर पाणी घेऊन हलवले व ठेवून दिले. थोड्या वेळाने खालचा थर 35 च्या खुणेजवळ स्थिरावला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचे अल्कोहोल, मिसळलेले असते. वाढलेला भाग म्हणजे पेट्रोल सोडून पाण्यात गेलेले तेच इथेनॉल होते आणि 20 टक्के मिश्रणाच्या हिशेबात ते बसत होते. म्हणजे पंपवाल्याचा दोष नव्हता. टाकीच्या झाकणाचे रबर झिजले होते आणि तिथून जेमतेम अर्धा लिटर पाणी आत गेले असावे. जुन्या साध्या पेट्रोलखाली ते अर्धा लिटरच राहिले असते; इथे मात्र त्याने इथेनॉल ओढून घेतले आणि तो थर चौपट झाला. पेट्रोल खेचणारी नळी टाकीच्या तळाशीच असल्यामुळे इंजिनाला नेमके तेच मिळत होते.

कार्ब्युरेटर उघडल्यावर मला अधिक वाईट वाटले. फ्लोटच्या कप्प्यात, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते तिथे, ॲल्युमिनियम गंजून झालेली पांढरी भुकटी होती, आणि रबरी नळी फुगून इतकी मऊ पडली होती की बोटाने दाबताच दबत होती. ही गाडी बनवली तेव्हा 20 टक्के इथेनॉल कुणी गृहीतच धरले नव्हते. त्याला टिकणारे भाग असलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून येऊ लागल्या; जुन्या गाडीच्या मालकाला ही गोष्ट पंपावर समजायला हवी, असे मला मनापासून वाटते.

“आमच्याच उसाचं ना हे?” मोजपात्राकडे पाहत आबांनी विचारले. त्यांचा ऊस ज्या कारखान्याला जातो, तिथे इथेनॉल तयार होते.

टाकी धुतली, नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या, झाकणाचे रबर बदलले आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण फार विरळ होऊ नये म्हणून जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) किंचित मोठा बसवला. मायलेज मात्र पूर्वीइतके मिळणार नाही, हे मी स्पष्ट सांगितले, कारण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. आबांनी तक्रारअर्जाच्या मागच्या बाजूला बदललेल्या भागांची यादी माझ्याकडून लिहून घेतली. त्यांच्या भावाकडेही तशीच गाडी आहे.