तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी स्वतः चालणार, मग सरकारी खातं काय करतंय?

कॅमेरे, रडार, संगणक सगळं गाडी बनवणारी कंपनीच बसवते. मग अमेरिकेतल्या राज्यांची परिवहन खाती ‘तयारी’ म्हणून करतात तरी काय, असं बरेच जण विचारतात. उत्तर जरा निराशाजनक आहे: आधी रस्त्यावरचे पट्टे नीट रंगवतात.

रस्त्यांवरच्या खुणांसाठी तिथे देशभर एकच नियमपुस्तक चालतं. डिसेंबर २०२३च्या अकराव्या आवृत्तीत स्वयंचलित गाड्यांसाठी वेगळा भाग आला. त्यात सुचवलंय की फ्रीवेवरचा पट्टा किमान ६ इंच रुंद असावा, तुटक रेघ किमान १० फुटांची आणि मधली जागा ३० फुटांच्या आत. काँक्रीट फिकं असेल तर पांढऱ्या पट्ट्याला काळ्या रंगाची जोड द्यायची. रॅम्पच्या, म्हणजे फ्रीवेवर चढा-उतरायच्या जोडरस्त्याच्या, तोंडाशी कडेची रेघ तुटक का होईना, पुढे न्यायची. नाहीतर उजवी कड फाकते आणि तिच्या मागे मागे गाडी रॅम्पकडे झुकते. कॅलिफोर्नियाने तर लेन दाखवणारी गोल बटणं, बॉट्स डॉट्स, बंदच करायला घेतली. चाकाखाली खडखडून ती पेंगणाऱ्या माणसाला जागं करायची, पण कॅमेऱ्याला त्यात सलग रेघ सापडत नाही. खोडलेल्या पट्ट्याचा त्रास याहून मोठा. घासल्यावर उरलेला ओरखडा ओल्या रस्त्यावर, तिरप्या उन्हात नव्या पट्ट्यासारखाच चमकतो.

मग सिग्नल. चौकातल्या कॅबिनेटमधला कंट्रोलर, म्हणजे दिवे चालवणारा संगणक, खांबावरच्या रेडिओला जोडतात. वीज आणि डेटा एकाच इथरनेट केबलमधून जातात, म्हणून ती १०० मीटरच्या आत हवी. रेडिओ गाड्यांना सेकंदाला दहा वेळा सांगतो की कुठला दिवा लागलाय आणि तो कधी बदलेल. रहदारी बघून चालणाऱ्या सिग्नलला हे स्वतःलाच पक्कं ठाऊक नसतं, त्यामुळे ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’ अशा दोन वेळा पाठवतात.

त्याच्याबरोबर चौकाचा नकाशाही जातो: लेनचे क्रमांक, थांबरेषा, कुठली लेन कुठल्या दिव्याची. घोळ होतो तो इथे. नव्याने रंगवताना डावीकडे वळायची एक लेन वाढली आणि नकाशा जुनाच राहिला, तर वळणाऱ्या गाडीला सरळ जाणाऱ्यांचा हिरवा कळतो. रंगकाम एका विभागाकडे, सिग्नल दुसऱ्याकडे! रंगकामाच्या वर्क ऑर्डरमध्येच ‘नकाशा तपासा’ अशी ओळ हवी. रेडिओच्या निरोपावर तो खरा असल्याची डिजिटल सही असते, तिची मुदतही बघावी लागते. ती संपली की रेडिओ चालू दिसतो, पण गाड्या त्याचं ऐकत नाहीत.

आणि रेडिओ घेताना घाई नको. १९९९ मध्ये या कामासाठी रेडिओलहरींच्या पट्ट्यातले ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले होते. २०२० मध्ये त्यातले ४५ काढून घेतले, उरलेल्या ३० वर वेगळं तंत्रज्ञान ठरवलं, आणि खांबांवरचे जुन्या पद्धतीचे रेडिओ निकामी ठरले. त्यामुळे पैसे मोजके असतील तर आधी रस्त्यावरचे पट्टे, कंट्रोलर आणि डेटा नेणारी फायबर केबल. रेडिओ सगळ्यात शेवटी.