बाहुलीच्या पलीकडे कोण बोलतंय?

जर्मनीत आल्यावर इथल्या पालकांच्या तोंडून एका बाहुलीचं नाव ऐकलं: 'माय फ्रेंड केला'. मुलाने प्रश्न विचारला की त्याचा आवाज ब्लूटूथने फोनमधल्या ॲपकडे जायचा, तिथून इंटरनेटवर, आणि उत्तर बाहुलीतून ऐकू यायचं. ब्लूटूथ जोडायला पिन लागतच नव्हता. त्यामुळे शेजारचा किंवा खिडकीखाली उभा असलेला कुणीही आपला फोन तिला जोडून खोलीतलं बोलणं ऐकू शकत होता. बाहुलीतून मुलाशी बोलूही शकत होता!

सारलँड विद्यापीठातल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने हे लक्षात आणून दिलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये बुंडेसनेत्झआगेंटूर या केंद्रीय नियामक संस्थेने बाहुलीवर बंदी घातली. रोजच्या वापरातल्या वस्तूत लपवलेलं, चोरून ऐकणारं यंत्र इथे बेकायदा आहे, म्हणून ज्यांनी ती आधीच घेतली होती त्यांनाही ती निकामी करायला सांगितलं गेलं. नोव्हेंबरमध्ये मुलांच्या, चोरून ऐकता येणाऱ्या स्मार्ट घड्याळांचीही तीच गत झाली.

हा कडकपणा मला मनापासून पटतो. सोशल मीडियावर मूल पुढे कधीतरी जाणार. बोलकं खेळणं त्याच्या हातात त्याच्या कितीतरी आधी येतं. समोर नसलेल्या कुणाशी तरी मन मोकळं करायची पहिली सवय तिथेच लागते. २०१७ मध्येच क्लाउडपेट्स या मऊ खेळण्यांमधून मुलांनी आणि आईवडिलांनी एकमेकांना पाठवलेले वीस लाखांहून अधिक आवाजी निरोप उघड्यावर पडल्याचं बाहेर आलं. घरातलं लाडाचं बोलणं होतं ते.

मग इंटरनेटवर जपून कसं वागायचं हे मुलांना शिकवायचं कशाने? बाहुलीपेक्षा मला गूगलचा 'इंटरलँड' हा ब्राउझरमधला मोफत खेळ जास्त भावतो. त्यातल्या एका डोंगरावर आरसे फिरवून प्रकाशाचा झोत नेमक्या माणसापर्यंत न्यायचा असतो. झोत म्हणजे आपण शेअर केलेली गोष्ट. आरसा जरा चुकीचा फिरला की ती भलत्याच माणसाकडे पोचते. 'फोटो टाकू नकोस' असं कितीही वेळा सांगितलं तरी मुलांच्या डोक्यात शिरत नाही. इथे ते स्वतःच्या हाताने घडताना दिसतं. दुसऱ्या भागात मजबूत पासवर्ड रचायचे असतात, तोही चांगला आहे.

इथल्या 'इंटरनेट-आबेत्से' या मुलांच्या संकेतस्थळावर 'सर्फशाइन' मिळतो. इंटरनेटवर वावरण्याचं लायसन्सच म्हणा ना! प्रश्नमंजूषा सोडवली की नावाचं प्रमाणपत्र छापून घेता येतं, आणि मुलांना त्याचा केवढा अभिमान वाटतो.

भारतात २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठराखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, हे फार चांगलं झालं. पण संमती देणाऱ्यालाही विचारता आलं पाहिजे: माइक बंद करता येतो का, आवाज कुठे साठवतात, तो पुसून टाकता येतो का, जोडणीला पिन आहे का? खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत याची उत्तरं सापडली नाहीत, तर मी ते खेळणं कुणाच्याही मुलाला भेट देणार नाही.

सर्फशाइनसारखं काही मराठीत, आपल्या शाळांसाठी व्हावं असं मला फार वाटतं. कुणी शिक्षक हे मनावर घेणार असतील, तर इथले प्रश्न मराठीत आणून द्यायचं काम मी आनंदाने करेन.