तुर्कूतला नाताळ: फिनलंडच्या थंडीत एका मंडळीसोबत

नाताळात फिनलंडला जायचं ठरलं की आपल्याकडचे लोक सरळ रोव्हानिएमीची तिकिटं काढतात. सांताक्लॉज, रेनडिअरची गाडी, काचेच्या छताखाली झोपून आकाशाकडे बघणं. लहान मुलं बरोबर असतील तर ते सगळं छानच आहे. पण ज्यांना नाताळ उपासनेसह आणि तिथल्या माणसांमध्ये बसून साजरा करायचा आहे, त्यांनी नैऋत्य किनाऱ्यावरच्या तुर्कूला जावं, असं मी आग्रहानं सांगेन. माझी भाची तिथं शिकते, म्हणून ताई आणि मी गेलो. आम्ही नगरच्या. आमचा नाताळ म्हणजे रात्री उशिरापर्यंत कॅरोलची फेरी, पेटी, ढोलकी, घरोघर चहा आणि फराळाची ताटं. तुर्कूत यातलं काहीच नव्हतं. तरीही हा नाताळ माझ्या मनात अगदी वरच्या जागी आहे, आणि त्याचं कारण तिथली मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तिथं सणाचा मुख्य दिवस २४ डिसेंबर, २५ नव्हे. चोवीसला दुपारनंतर शहर मिटतं. दुकानं लवकर बंद होतात, बस कमी होत होत थांबतात, बहुतेक हॉटेलांत जेवण मिळत नाही, आणि पंचवीसलाही जवळपास तीच परिस्थिती असते. लोक घरात असतात. ज्याचं घर तिथं नाही त्याच्यासाठी दार उघडं असतं ते चर्चचंच. म्हणून तेविसाव्या तारखेला दोन-तीन दिवसांचा शिधा घरात भरून घ्या आणि राहण्याची जागा शक्यतो कॅथेड्रलपासून, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चपासून, चालत जाता येईल अशी निवडा. आउरा नदीच्या काठानं सगळं जुनं शहर पायी होतं.

हेलसिंकीहून तुर्कूला रेल्वेनं साधारण दोन तास लागतात. चोवीसच्या सकाळी पोचू असा बेत करू नका. गाड्या कमी असतात आणि भरलेल्या असतात. एकवीस-बावीसला पोचलात तर जुन्या चौकातल्या नाताळ बाजाराची वेळही तपासून बघा. तो डिसेंबरमध्ये ठरावीक दिवशीच भरतो. लोकरीचे मोजे, मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या, आणि ग्लोगी नावाचं मसालेदार गरम पेय. त्यात बेदाणे आणि बदामाचे काप घालतात. बिनदारूचं सगळीकडे मिळतं.

आता चोवीसच्या दुपारबद्दल.

तुर्कूच्या जुन्या चौकात ब्रिंकाला नावाची इमारत आहे. तिच्या सज्ज्यातून बरोबर बारा वाजता 'नाताळची शांती' जाहीर करतात. ही प्रथा १३२०च्या दशकापासून चालत आलेली आहे, आणि १८८६पासून याच सज्ज्यातून. मध्ये काही वेळा खंड पडला. १९३९ साली सोव्हिएत संघाशी हिवाळी युद्ध चालू होतं आणि हवाई हल्ल्याची भीती होती, तेव्हा जाहीरनामा वाचला गेला नाही. १८२७च्या मोठ्या आगीत शहर जळालं त्यात मूळ मजकूरही गेला, तो नंतर आठवणीतून पुन्हा लिहून काढला. रेडिओवर तो १९३५पासून ऐकवतात, आणि देशभर लोक घरी बसून टीव्हीवर हा कार्यक्रम पाहतात. पण चौकात उभं राहण्याची गोष्टच वेगळी.

आधी सगळा चौक मार्टिन ल्यूथरचं 'देव आमचा बळकट गड' या अर्थाचं गीत म्हणतो. त्याची चाल मला लहानपणापासून पाठ आहे. हजारो माणसं, अंगात जाड कोट, तोंडातून वाफ, आणि शब्द फिनिश. मी मराठीत म्हणत होते आणि शेजारच्या आजी माझ्याकडे बघून मान डोलावत होत्या. मग कॅथेड्रलचे बारा टोले पडतात. तेवढा वेळ कुणी हलत नाही. नंतर चर्मपत्राची गुंडाळी उलगडून आधी फिनिशमध्ये, मग स्वीडिशमध्ये वाचन होतं: उद्या, देवाची इच्छा असेल तर, प्रभूच्या जन्माचा सण आहे, सर्वांनी तो भक्तीनं आणि शांतपणे पाळावा, जो या शांतीचा भंग करील त्याला कायद्यानं शिक्षा होईल, आणि शेवटी सगळ्या नागरिकांना सणाच्या शुभेच्छा. राष्ट्रगीत होतं, बँड वाजतो, आणि लोक पांगतात. गोंगाट नाही, ढकलाढकली नाही.

इथं उभं राहायचं तर साडेअकराच्या आत पोचा. चौक दगडी फरशीचा आहे आणि थंडी तळपायातून वर चढते. तुर्कू समुद्राकाठी आहे, त्यामुळे तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं. बर्फ पडेलच असं नाही. पडून वितळलेलं पाणी पुन्हा गोठलं की रस्ता काचेसारखा होतो, आणि घोट्याला धोका त्याचाच. बुटांखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे तिथल्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. ताईचं वय साठीच्या पुढचं, पण त्या पट्ट्यांवर ती निर्धास्त चालली. आत सुती बनियन नको, लोकरीचं घाला. सुती कपडा घामानं ओला झाला की अंगावर गार पडतो. आणि कोटाला चमकणारी पट्टी लटकवा. अंधारात पायी चालणाऱ्यानं ती लावायची असा तिथला कायदाच आहे. त्या दिवसांत सूर्य पावणेदहाच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो, म्हणजे तुमचं बहुतेक चालणं अंधारातच होणार.

फिनलंडमध्ये अनेक मंडळ्या नाताळात एकट्या माणसांसाठी जेवण ठेवतात. भाची ज्या मंडळीत जाते तिथंही होतं, आणि तिनं नोव्हेंबरमध्येच पत्र लिहून आम्हा दोघींची नावं स्वयंपाकघरातल्या मदतीसाठी दिली होती. मी पुढच्यांना सांगेन ते हेच: जेवायला जायच्या आधी कामाला जा. फिनिश माणसं अनोळखी माणसाशी उगाच बोलत नाहीत. पण शेजारी बसून बटाटे सोलायला लागलं की अर्ध्या तासात घरच्यांची चौकशी सुरू होते.

आम्ही करंज्या केल्या. इथून सारण किंवा तूप न्यायचं नाही. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, पेढे-बर्फी पण नाही. रवा, सुकं खोबरं, पिठीसाखर तिथं मिळते. वेलदोडा तर मिळतोच मिळतो, कारण फिनिश लोक पुल्ला नावाच्या गोड पावात तो भरपूर घालतात. कढई तापली, सारणाचा वास सुटला आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाया आमच्याभोवती जमल्या. 'हा आमच्या नाताळचा वास,' असं त्यांच्यातली एक म्हणाली. आमच्याही, असं ताईनं मराठीतच सांगितलं. भाचीला भाषांतर करायची गरज पडली नाही.

जेवणात सकाळी तांदळाची दाट खीर, दालचिनी आणि साखर घालून. तिच्यात एकच बदाम लपवलेला असतो आणि ज्याच्या वाटीत येईल त्याचं वर्ष चांगलं जाणार. आमच्या टेबलावर तो एका सिरियन मुलाला सापडला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्य जेवणात भाजलेलं डुकराचं मांस, मिठात मुरवलेला साल्मन, आणि भट्टीत भाजलेले लगदे: एक रुटाबागाचा, म्हणजे सलगमाच्या भावंडाचा, एक गाजराचा, एक बटाट्याचा. रोसोल्ली म्हणून बीट, गाजर, बटाटा, सफरचंद आणि खारवलेल्या काकडीची कोशिंबीर. शाकाहारी माणसाचं पोट या चार गोष्टींवर नीट भरतं, मात्र त्या लगद्यांत अंडं आणि साय असू शकते. आधी विचारा, लाजू नका. असं विचारण्याची तिथं सवय आहे. शेवटी चांदणीच्या आकाराची, आलुबुखारच्या मुरंब्याची पेस्ट्री. ती मी नको इतकी खाल्ली.

जेवणानंतर सगळे स्मशानभूमीकडे निघतात. सणाच्या दिवशी कबरस्तानात कसं जायचं, असं ताईला वाटलं, पण तिथं नाताळच्या संध्याकाळी हेच पहिलं काम असतं. प्रत्येक कुटुंब आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावतं. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरींवरही लावतात. तुर्कूची मोठी दफनभूमी शहराच्या आग्नेयेला, पाईनच्या झाडीत आहे. एरिक ब्रिगमननं बांधलेलं १९४१चं पुनरुत्थान चॅपलही तिथंच आहे, वास्तुकलेची आवड असलेल्यांनी ते वेगळा दिवस काढून उजेडात पाहावं. आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि जमिनीवर नजर जाईल तिथवर ज्योती होत्या.

आता हे नीट वाचा, कारण परगावच्या माणसासाठी याहून मोठी गोष्ट मला तिथं दिसली नाही. फिनलंडच्या दफनभूमींत एक जागा राखलेली असते: ज्यांची माणसं दुसरीकडे पुरलेली आहेत त्यांच्यासाठी. कुणाचं माणूस दुसऱ्या गावी आहे, कुणाचं युद्धानंतर सीमेपलीकडे गेलेल्या कारेलियात. त्या दगडापाशी कुणीही येऊन मेणबत्ती ठेवू शकतं. आमची आजी नगरच्या मातीत आहे. ताईनं आणि मी तिच्या नावानं दोन मेणबत्त्या लावल्या. आमच्या बाजूला एक वयस्कर गृहस्थ वाकून आपली ज्योत पेटवत होते; आमची वाऱ्यानं विझली तेव्हा त्यांनी न बोलता आपला लायटर पुढे केला. त्या क्षणी मी परदेशात आहे असं मला वाटलं नाही. कुठल्याही धर्माच्या माणसाला ही जागा खुली आहे, आणि घरापासून लांब असताना वर्षभरात कुणी गेलं असेल तर इथं जरूर या. टोपण असलेल्या कबरीच्या मेणबत्त्या किराणा दुकानात मिळतात. तेविसालाच घ्या, आणि लांब दांडीचा लायटर ठेवा, कारण हातमोजे काढून काडी ओढणं जमत नाही. परतीची बस मिळेल यावर विसंबू नका. आम्ही मंडळीतल्याच एका कुटुंबाच्या गाडीतून आलो.

संध्याकाळची उपासना कॅथेड्रलमध्ये. ही वास्तू १३०० साली प्रभूच्या सेवेला समर्पित झाली. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ला सुरू झालं, आणि ते आम्हाला फार जुनं वाटतं. इथं पायऱ्यांचा दगडच शतकांच्या पावलांनी झिजलेला. नाताळच्या आधल्या दिवशी एकामागून एक उपासना असतात आणि सगळ्या भरतात. अर्धा-पाऊण तास आधी जा. गीतांचे क्रमांक भिंतीवरच्या फळीवर लावलेले असतात, आपल्याकडे असतात तसेच, म्हणून भाषा येत नसली तरी हरवायला होत नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला जातो. मोबाइलवर मराठी बायबल उघडून ठेवलं की वचनागणिक बरोबर चालता येतं. फोटो काढू नका. दान बहुतेक ठिकाणी मोबाइलवरूनही घेतात, पण त्यासाठी तिथलं खातं लागतं, म्हणून थोडे सुटे युरो जवळ असू द्या.

गाणं आवडत असेल तर डिसेंबरमधल्या सामूहिक नाताळगीतांच्या बैठका चुकवू नका. १९७३पासून तिथल्या मिशन संस्थेनं त्या सुरू केल्या. चर्चमध्ये, शाळांत, तुरुंगांतसुद्धा होतात आणि जमलेला पैसा मिशनकार्याला जातो. छापील पुस्तिका हातात देतात. चर्चला न जाणारे शेजारीही तिथं येतात, आणि एरवी मितभाषी असलेली ही माणसं तिथं मोकळ्या गळ्यानं गातात.

पंचवीसची पहाटेची उपासना ज्याला झेपेल त्यानं करावी. आम्ही केली. अंधारातून चालत गेलो, लोक थोडे होते, पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, दाराशी उभं राहून प्रत्येकाचा हात हातात घेतला. त्यानंतर दिवसभर काही नाही. कुणी सौनाला, म्हणजे तापवलेल्या खोलीतल्या वाफेच्या स्नानाला, बोलावलं तर जा. नाताळचा सौना हा तिथं सणाचाच भाग आहे, बायका आणि पुरुष वेगवेगळे बसतात, आणि नको असेल तर नाही म्हटलेलं चालतं.

व्हिसाबद्दल: शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि डिसेंबरसाठी सप्टेंबरमध्ये केलेला बरा. ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच. मंडळीला पत्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लिहा. इंग्रजीत लिहिलेलं चालतं, आणि तुर्कूत इंग्रजीतून उपासना करणारी मंडळीही आहे. पत्रात तुम्ही कोण, किती जण, किती वाजता मदतीला येऊ शकता, हे थेट लिहा. नुसतं 'यायला आवडेल' असं लिहू नका. आम्हाला उत्तरात स्वयंपाकघराची वेळ, कोणत्या दारानं आत यायचं, आणि घरात घालायच्या चपला आणा, एवढंच आलं होतं. चपला खरंच न्या.