आधी चिठ्ठी, मग वजन

नाशिकच्या भांडी बाजारातलं तांब्या-पितळेचं जुनं दुकान. धनत्रयोदशीच्या आत ऑनलाइन विक्री सुरू करायची होती, आणि ती कोणत्या सॉफ्टवेअरवर उभी करायची ते तपासून सांगायचं काम माझ्याकडे आलं. शेठचा पहिला प्रश्न, "सर्व्हर दुकानातच ठेवावा लागेल का?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव अक्षरशः भांड्यात पडला. पुराचं पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला किती चढलं ते बघून हा बाजार आपला माल माळ्यावर चढवतो. त्यात आणखी एक पेटी त्यांना नको होती.

दोन कोअर, दोन जीबी रॅमचं एक मशीन भाड्याने घेतलं आणि तीन दुकानं मांडली: वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स आणि मॅजेंटो ही ऑनलाइन दुकानाची दोन तयार सॉफ्टवेअरं, आणि गेली चार वर्षं मी स्वतः लिहीत, वापरत आलेला कोड, जँगो या चौकटीत लिहिलेला, डेटाबेस पोस्टग्रेस. तिसरं नाव यादीत असणं म्हणजे परीक्षकाचाच मुलगा वर्गात बसवल्यासारखं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मॅजेंटो पहिल्याच दिवशी बाद झालं. २०२० मधल्या २.४ आवृत्तीपासून त्याला शोधासाठी वेगळं सर्च इंजिन लागतंच. ते एकटंच जीबीभर मेमरी अडवतं, उरलेल्यात डेटाबेस आणि पानं तयार करणारं पीएचपी एकमेकांच्या मांडीवर बसतात. मोठ्या घराण्याची सून आणावी आणि घरात पलंग ठेवायला जागा नसावी, तसं झालं.

वूकॉमर्सला मी मुद्दाम वेळ दिला. पानं गिऱ्हाइकापर्यंत पोचवणारा वेब सर्व्हर आधी अपाचे ठेवला, मग एनजिनएक्स. अपाचेच्या जुन्या पद्धतीत एका जोडणीमागे एक आख्खी प्रक्रिया अडकते, मग गिऱ्हाईक समईचा फोटो का बघत असेना. एनजिनएक्स हजारो जोडण्या मोजक्या प्रक्रियांवर पेलतं. फोटोंच्या दुकानाला तेच सोयीचं. माझी तक्रार डेटाबेसबद्दल होती. वर्डप्रेस वस्तूची किंमत, वजन, उंची हे सगळं एका लांबलचक टेबलात ओळीखाली ओळ लिहितं, आकडासुद्धा मजकुराच्या रकान्यात. इथे तर तांब्याचा भाव हलला की सहाशे वस्तूंच्या किमती हलणार. माझ्या कोडात भावाची एक ओळ बदलली की काम झालं.

आणि मराठी नावांचं दुखणं तर कोणी सांगतच नाही. वर्डप्रेसमध्ये वस्तूच्या पत्त्याला २०० अक्षरांची जागा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं. ‘मठारलेली तांब्याची घागर’ कशीबशी बसते. पुढे ‘मोठी’ लावलं की शेपूट तुटते. हे शोधायला माझी एक दुपार गेली होती, म्हणून इथे सांगून घेतो.

चौदा रकान्यांचा तक्ता घेऊन मी दुकानात गेलो. सेकंदाला किती पानं, किती मेमरी, गर्दीत किती उशीर. माझा कोड बहुतेक रकान्यांत पुढे होता. शेठच्या मुलाने मान डोलावली. गल्ल्याशेजारी बसलेले दिवाणजी, वय सत्तरच्या पुढे, तक्त्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, शेवटची घागर दोघांनी एकदम मागितली तर?"

मी म्हटलं, काका, शिल्लक शून्य झाली की दुसऱ्याला मिळणार नाही.

"एकदम म्हणतोय मी. पुढे-मागे नाही."

मठारकामाची घागर हाताने ठोकलेली. एकीचं वजन दुसरीशी जुळत नाही आणि किंमत वजनावर. म्हणजे इथे प्रत्येक वस्तूची शिल्लक एकच. प्रत्येक घागर शेवटची. चौदा रकान्यांत हा रकाना नव्हता. असे तक्ते करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी गल्ल्यावर बसून कधी बिल फाडलेलं नसतं, माझ्यासकट.

तिथेच लॅपटॉप उघडला. एक घागर, शिल्लक एक, पन्नास गिऱ्हाइकं एकाच क्षणी. वूकॉमर्सने एक ऑर्डर घेतली. त्यांनी २०२० मध्येच ४.३ आवृत्तीत, पैसे भरले जाईपर्यंत माल राखून ठेवायचं वेगळं टेबल आणलंय. मग माझा कोड.

चार ऑर्डर. घागर एक.

पोस्टग्रेसचा दोष काढायला मी मनातल्या मनात निघालोच होतो. पण त्याचा दोष नव्हता. माझा कोड शिल्लक वाचायचा, एक आहे म्हणायचा, मग पिनकोड देऊन कुरिअरवाल्याच्या सर्व्हरला दर विचारायचा, आणि उत्तर आल्यावर शिल्लक शून्य लिहायचा. त्या मधल्या वेळात सर्व्हरचे इतर वर्कर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या प्रक्रिया, दोन कोअरला पाच या हिशेबाने मीच ठेवलेल्या, तीच ‘एक’ वाचून मोकळे. शिल्लक उणे होऊ नये अशी अट डेटाबेसमध्ये मी मोठ्या अभिमानाने घातली होती. ती कामाला आलीच नाही. चौघांनीही शून्यच लिहिलं, उणे कोणी लिहिलं नाही.

दिवाणजींनी पडद्याकडे पाहिलं आणि उठून एक घागर पुढे आणली. गळ्याला सुतळी, सुतळीला चिठ्ठी. "गिऱ्हाईक हो म्हणालं की मी आधी ही बांधतो. वजन, भाव, पत्ता नंतर. तुमचं उलटं दिसतंय."

दुरुस्ती दोन-तीन ओळींची. डेटाबेसमधली त्या घागरीची ओळ आधी कुलूपबंद करायची, म्हणजे दुसऱ्याला थांबावं लागतं, मग वाचायची. कुरिअरचा दर कुलूप लावायच्या आधीच विचारून ठेवायचा. पुन्हा चाचणी घेतली: एक ऑर्डर, एकोणपन्नास क्षमस्व. शेठने शेवटी माझाच कोड घेतला, भावाच्या एका ओळीसाठी. धनत्रयोदशीला साइट चालली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते वेगळं आहे. हाच कोड तीन वर्षं येवल्यात एका पैठणीच्या दुकानात चालतोय. पैठणीही एकेकच. काऊंटरवर साडी विकली की तिथली मुलगी टॅबवर ‘विकली’ दाबते. दोनदा असं झालं होतं की तीच साडी ऑनलाइनही गेली. दोन्ही वेळा तिथल्या शेठचा फोन आला, "आमच्या पोरीने दाबायला उशीर केला असेल ना?" आणि मी दोन्ही वेळा म्हटलं होतं, "हो, तसंच असणार. सिस्टिम चुकत नाही."

त्या रात्री आधी येवल्याचा कोड दुरुस्त केला आणि मग जुन्या नोंदी काढल्या. पहिल्या साडीला तिचं ‘विकली’ ऑनलाइन ऑर्डरच्या चार सेकंद आधीचं. दुसऱ्या साडीला नऊ सेकंद आधीचं. कुरिअरचा सर्व्हर त्या दिवशी रेंगाळला असणार. तोवर माझा कोड जुनी ‘एक’ हातात धरून बसला होता.

येवल्याच्या शेठना फोन केला. ते म्हणाले, "झालं ना आता नीट? मग सोडा." फी परत देतो म्हटलं, तर हसले. मुलीला सांगाल का, असं विचारलं. "सांगतो की," म्हणाले, आणि नव्या फोटोंचं काय ते विचारायला लागले.

पुढच्या आठवड्यात मीच येवल्याला गेलो. ती काऊंटरवरच होती. मी सांगत होतो, ती साडीची घडी घालत होती. माझं बोलून झाल्यावर तिने खालच्या कप्प्यातून एक शाळेची वही काढली. साडीचा नंबर, तारीख, आणि ‘दाबलं’ची वेळ, पानामागून पान. पहिल्यांदा बोलणी खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लिहीत होती. दुसऱ्या साडीच्या ओळीवर लाल पेनने गोल होता.

"ही दाखवली नाही कोणाला?" मी विचारलं.

"शेठ म्हणाले, तुम्हाला विचारलंय म्हणून."