मेल वेळेवर आला होता, कळला उशिरा

चवथीला तीन आठवडे होते. फोंड्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे आणि या दिवसांत उत्सव मंडळांच्या पत्रिकांना उसंत नसते. एका मंडळाच्या पाचशे पत्रिका छापून आल्या, त्यांवर नाटक शनिवारी. सचिवांचा फोन आला, "अहो, रविवार करा म्हणून सकाळीच मेल केला होता मी!" माझ्या कॉम्प्युटरवर तर काहीच वाजलं नव्हतं. पत्रिका माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या, पण माणसाचा शब्द खोटा धरण्यापर्यंत माझी मजल गेली होती, ते मनाला लागलं.

म्हणून आधी मेल अडकला कुठे ते शोधलं. थंडरबर्ड या माझ्या मेलच्या प्रोग्राममध्ये मेल उघडून कंट्रोल आणि यू दाबलं की त्याचा मूळ मजकूर दिसतो. त्यात 'रिसीव्हड'ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली वेळ त्यात नोंदवतो. सगळ्यांत वरची नोंद शेवटच्या सर्व्हरची. तिथे 05:34 होतं, पुढे +0000, म्हणजे ग्रिनिचची वेळ. त्यात साडेपाच तास मिळवले की आपले 11:04. सचिवांचं बोलणं शंभर टक्के खरं होतं.

मग फोनवरून स्वतःलाच मेल टाकला. लगेच वाजला! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मंडळांचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जावेत असा नियम मीच सर्व्हरवर लावला होता. नवा मेल आल्याचं सर्व्हर तत्काळ कळवतो त्या सोयीला आयडल म्हणतात, पण एका जोडणीवर एकाच फोल्डरवर लक्ष राहतं, आणि ते सहसा इनबॉक्सवर. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'नवे मेल घेताना हा फोल्डर नेहमी तपासा' अशा अर्थाची खूण केली. अकाउंटच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये दर 10 मिनिटांनी तपासणी होती, ती 2 वर आणली.

तरी पावसाच्या दिवशी मेल मागे पडायचे, आणि आता इनबॉक्समधलेसुद्धा. याने मात्र मला खूप छळलं. शेवटी वहीत वेळा लिहायला घेतल्या, तर प्रत्येक उशिराच्या थोडं आधी लाईट गेलेली. कॉम्प्युटर यूपीएसवर, तो चालूच; राउटर साध्या प्लगवर, तो बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि जुन्या जोडण्या विसरायचा. इकडे प्रोग्राम मेलेली जोडणी धरून सर्व्हरच्या हाकेची वाट बघत बसायचा. आयडलच्या 1997 च्या नियमावलीत आयडल निदान दर 29 मिनिटांनी थांबवून नव्याने सुरू करायला सांगितलंय, कारण अर्धा तास काही हालचाल नसली तर सर्व्हर जोडणी तोडू शकतो. पण मधल्या मध्ये राउटरच सगळं विसरला तर दोन्ही टोकांना पत्ता लागत नाही. पुढची तपासणी होऊन तीही अडकली की मगच प्रोग्राम नवी जोडणी करतो.

राउटरची वायर यूपीएसला लावली. परवा दुपारी लाईट दोनदा गेली. दोन्ही वेळा फोनवरून मंडळांच्या फोल्डरमध्ये जाईल असा मेल टाकला. पहिला दीड मिनिटाने वाजला, दुसरा फोन टेबलावर ठेवायच्या आत.