वाळत ठेवलेला साका

प्रॅक्टिकल संपून तास उलटला होता. फ्यूम हूडचे दिवे बंद करायला गेले, तर ओव्हनशेजारच्या ओट्यावर एक वॉच ग्लास दिसली. तिच्यावर फिल्टर पेपर, पेपरवर करडट पांढरा साका आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: 'वजन उद्या.' अक्षर ओळखीचं होतं. वर्गातली सगळ्यात नीटनेटकी मुलगी.

पोटात गोळाच आला.

सकाळचा प्रयोग तसा नेहमीचाच. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी सोडायचं, निघणारा ॲसिटिलीन आम्लयुक्त कॉपर सल्फेटच्या द्रावणात धुऊन घ्यायचा आणि मग परीक्षानळ्यांत सोडायचा. (कार्बाइडचा तो उग्र वास ॲसिटिलीनचा नसून मुख्यतः फॉस्फीनचा असतो. दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी जर्नलमध्ये तो वास ॲसिटिलीनच्याच नावावर जमा होतो.) ब्रोमीनचा रंग जातो, पण तो इथिलीनही घालवतं. तिहेरी बंध टोकाला आहे हे कळतं ते अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये. पांढरा साका, म्हणजे सिल्व्हर ॲसिटिलाइड, पडला की समजायचं, तिहेरी बंधाच्या कार्बनवर हायड्रोजन आहे आणि तो निघाला आहे. तिहेरी बंध टोकाला नसून मधे असलेलं २-ब्युटाइन घेतलं तर काहीच पडत नाही, कारण सोडायला तिथे हायड्रोजनच नाही.

हायड्रोकार्बनने आम्लासारखं वागावं हेच मुलांना पटत नाही. मग मी पीकेएचे आकडे लिहिते (आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र): इथेनचा साधारण ५०, इथिलीनचा ४४, ॲसिटिलीनचा २५. तिहेरी बंधातल्या, म्हणजे एसपी, कार्बनच्या कक्षकात (इलेक्ट्रॉन जिथे वावरतात त्या जागेत) केंद्रकाजवळच्या एस कक्षकाचा वाटा निम्मा, त्यामुळे हायड्रोजन गेल्यावर मागे राहिलेली इलेक्ट्रॉनची जोडी केंद्रकाच्या जवळ राहते आणि ऋण भार सोसवतो. त्या दिवशीही हे रंगवून सांगितलं होतं. सिल्व्हर ॲसिटिलाइड वाळल्यावर फुटतं, हे मात्र सुरुवातीलाच, निम्मी मुलं बुचं शोधत असताना, एका वाक्यात उरकलं होतं.

ओव्हन बंद केला. लॅब असिस्टंट काकांना दाराशी उभं केलं, कोणाला आत येऊ देऊ नका म्हटलं. साक्याचा मधला भाग अजून ओलसर चकाकत होता, पण कडा वाळल्या होत्या. चेहऱ्यावर शील्ड, हातात जाड हातमोजे, आणि शक्य तितक्या लांबून वॉश बाटलीने पाण्याची बारीक धार. पेपर भिजून एका बाजूने किंचित सरकला आणि 'फट्' झालं. चिमूटभरही साका नसेल त्या जागी. वॉच ग्लासला आरपार तडा गेला आणि कडेला काळा डाग उरला. काका दारातूनच म्हणाले, "मॅडम, राहू द्या ना ते." राहू देता येत नव्हतं, तीच तर अडचण होती.

तो काळा डाग मला अजून आठवतो. सिल्व्हर ॲसिटिलाइड फुटतं तेव्हा उरते चांदी आणि कार्बन, दोन्ही घन. स्फोट म्हटला की वायू सुटणार असं आपण धरून चालतो. इथे पदार्थातून वायू निघतच नाही; एकदम सुटलेल्या उष्णतेने भोवतालची हवा फुगते.

सगळं पुरतं भिजल्यावर काच तशीच हूडमध्ये नेली आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं घातलं. बुडबुडे आले, म्हणजे ॲसिटिलीन परत निघाला. खाली दह्यासारखं सिल्व्हर क्लोराइड उरलं, निरुपद्रवी. प्रयोग संपल्यावर लगेच, परीक्षानळीतच, दोन मिनिटांत होणारं हे काम.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. रागावणारच होते. ती गोंधळून म्हणाली, "पण मॅडम, साका पूर्ण वाळल्याशिवाय वजन धरायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत." सांगितलं होतं. बेरियम सल्फेटच्या वेळी, निकेलच्या वेळी, सहा महिने, प्रत्येक प्रॅक्टिकलला. गाळा, धुवा, वाळवा, तोला. आज वाळवायचं नाही, हे तिला वेगळं आणि ठासून सांगायला हवं होतं, आणि मी ते बुचांच्या गोंधळात सांगून मोकळी झाले होते.

आता प्रयोगाच्या कागदावर 'आम्ल घातल्याशिवाय जागा सोडू नये' ही ओळ कृतीतच आहे, निरीक्षणाच्या लगेच खाली. पूर्वी ती मागच्या पानावर होती.

तिच्या जर्नलमध्ये 'मिळालेलं वजन' असा रकाना होता, पट्टीने स्वतः आखलेला. मी त्यावर आडवी रेघ मारली आणि सही केली.