तुम्ही विचारलंत म्हणून: संकट आधी कळत नाही का?

मी जागतिक आर्थिक जोखमींचा अभ्यास करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. पुण्याला घरी आले की शेजारचे काका तर दारातच विचारतात, "पुढची मंदी कधी गं? आणि आता एआय आलंय, ते आधी सांगेल ना?"

तारीख मला सांगता येत नाही. मी रोज काय बघते ते मात्र सांगता येईल.

सप्टेंबर 2007 मध्ये मी लंडनला शिकत होते. नॉर्दर्न रॉक या बँकेनं बँक ऑफ इंग्लंडकडे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे, मदत मागितल्याची बातमी 13 तारखेला रात्री फुटली आणि शुक्रवारी सकाळी शाखेबाहेरची रांग कोपऱ्यापर्यंत गेली. रांगेतल्या एक आजी घडीची खुर्ची घेऊन आल्या होत्या. पासबुक पर्समध्ये आणि पर्स घट्ट छातीशी. रांग हलली की उठायच्या, खुर्ची चार पावलं पुढे सरकवायच्या, पुन्हा बसायच्या. सोमवारी अर्थमंत्र्यांनी ठेवींची हमी दिली तेव्हा कुठे रांगा ओसरल्या. माणसं पायी येत होती, म्हणून सरकारला ते तीन दिवस तरी मिळाले.

मार्च 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅली बँकेला तेवढेही मिळाले नाहीत. 9 तारखेला एका दिवसात 42 अब्ज डॉलर बाहेर गेले, दुसऱ्या दिवशी आणखी 100 अब्ज जाण्याच्या बेतात होते. बहुतेकांनी शाखेचं दारही पाहिलं नाही, सगळं फोनवरून. 10 तारखेला बँक बंद.

दुखणं मात्र जुनंच. समजा, तुम्ही दहा वर्षांसाठी दोन टक्क्यांनी पैसे गुंतवलेत आणि वर्षभरात बाजारात पाच टक्के मिळायला लागले. तुमची पावती आता पूर्ण किमतीला कोण घेणार? या बँकेनं ठेवीदारांचे पैसे अशाच लांब मुदतीच्या रोख्यांत घातले होते. 2022 च्या अखेरीस त्यांतला, हिशोबात न धरलेला तोटा सुमारे 15 अब्ज डॉलर होता आणि बँकेचं स्वतःचं भांडवल 16 अब्ज. हे आकडे बँकेच्याच अहवालात छापलेले होते! ते वाचायला एआय लागत नव्हतं. ओरडून सांगणारं कुणीतरी लागत होतं, आणि ऐकणारंही.

एआय मी रोज वापरते, शेकडो पानांचे अहवाल चाळायला त्याची फार मदत होते. मला भीती वेगळीच वाटते. उद्या सगळ्या बँका आणि फंड त्याच दोन-तीन मॉडेलांना विचारू लागले, तर सगळ्यांना एकाच क्षणी एकच उत्तर मिळेल: विका. मग घेणार कोण? 6 मे 2010 ला अमेरिकेत डाऊ जोन्स हा शेअर बाजाराचा निर्देशांक काही मिनिटांत जवळपास हजार अंकांनी कोसळून पुन्हा वर आला, त्यात संगणकी व्यवहारांचा मोठा हात होता. हल्ली माझा निम्मा वेळ याच प्रश्नावर जातो: कोण कोणाच्या मॉडेलवर आणि कोणाच्या सर्व्हरवर अवलंबून आहे?

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मग मी काय करू?" मी त्यांना सांगितलं, आपल्याकडे एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच विमा आहे. 2020 पर्यंत तो 1 लाखच होता. काका काही न बोलता आत गेले आणि चार पासबुकं, प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या मुदत ठेवींच्या पावत्या घेऊन आले. संध्याकाळभर आम्ही बँकवार बेरीज करत बसलो.